पट्टा रिकामा आहे, असं म्हणायच्या आधी: सात मेगाहर्ट्झवरची वाटणी आणि माझी एक चूक



पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी एक आलेख काढला होता. दिसायला झकास, रंगीत, खाली अक्ष, वर मथळा, सगळं व्यवस्थित. त्यावरून निष्कर्षही काढून मोकळी झाले: सात मेगाहर्ट्झच्या हौशी रेडिओ पट्ट्यात मोर्सचा भाग बराचसा ओस पडलेला असतो, डिजिटलचा कोपरा मात्र तुडुंब भरलेला असतो, म्हणून मोर्सची जागा कमी करून डिजिटलला द्यावी. सेमिनारची स्लाइडसुद्धा तयार होती.

निष्कर्ष चुकीचा होता. आकडे खोटे नव्हते, उपकरणही बिघडलेलं नव्हतं. तरीही चुकीचा होता. तुमच्यापैकी जे आता संशोधनाच्या वाटेवर पाय टाकताय, त्यांना ही चूक कुठल्याही विषयात भेटेल, म्हणून ती नीट उलगडून सांगते.

आधी पट्ट्याची ओळख

हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम मंडळी, ज्यांना 'लो बँड' म्हणतात ते मुख्यतः तीन: १६० मीटर, ८० मीटर आणि ४० मीटर. वारंवारतेच्या भाषेत साधारण १.८, ३.५ आणि ७ मेगाहर्ट्झ. यातला ४० मीटरचा पट्टा आपल्याकडे सगळ्यात गजबजलेला. भारतात तो ७००० ते ७२०० किलोहर्ट्झ असा मिळतो. म्हणजे एकूण जागा किती? २०० किलोहर्ट्झ. एफएम रेडिओचं एकच स्टेशन जवळपास तेवढी जागा खातं!

ही २०० सुद्धा सहज मिळालेली नाही. भारत ज्या विभागात येतो त्या तिसऱ्या विभागात हौशी लोकांकडे पूर्वी फक्त ७००० ते ७१०० होतं, वरच्या भागात प्रसारण केंद्रं होती. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत ठरलं की प्रसारकांनी ७१०० ते ७२०० सोडायचं, आणि ते प्रत्यक्षात आलं २९ मार्च २००९ ला. शंभर किलोहर्ट्झसाठी सहा वर्षांची वाट. एवढ्यावरूनच कळेल की या पट्ट्यातून कुणाची तरी जागा 'कमी करावी' असं स्लाइडवर सहज लिहून टाकणं किती बेजबाबदार आहे.

या जागेत राहतात कोण कोण? मोर्स (हॅम त्याला सीडब्ल्यू म्हणतात), आवाज (एसएसबी), आणि संगणकाने बोलायच्या डिजिटल पद्धती. प्रत्येकाची रुंदी वेगळी. हाताने पाठवलेला मोर्स साधारण १०० ते १५० हर्ट्झमध्ये मावतो. एसएसबी आवाजाला २४०० ते २७०० हर्ट्झ लागतात. एफटी८ नावाची डिजिटल पद्धत फक्त ५० हर्ट्झ घेते. डब्ल्यूएसपीआर तर जेमतेम ६ हर्ट्झ.

लोकलचा डबा डोळ्यांसमोर आणा. एकाच बाकावर एक जण बॅगा पसरून बसलाय, एक चौथ्या सीटवर टेकलाय आणि एक दारात लटकलाय. तिघांचं तिकीट सारखंच. सरकारी नियम पट्ट्याच्या बाहेरच्या कडा ठरवतो. आत कोणी कुठे बसायचं हे बरंचसं परस्परांच्या समजुतीवर चालतं. १९२५ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघटना आणि तिच्या विभागीय शाखा त्यासाठी बँड प्लॅन काढतात: ढोबळमानाने तळाला मोर्स, मग अरुंद डिजिटल, वर आवाज. हा करार आहे, कायदा नाही. तो टिकतो तो 'आधी ऐका, मग बोला' या एका सवयीवर.

भांडण कुठे आहे?

२०१७ मध्ये एफटी८ आलं आणि समीकरण बदललं. हे बनवणाऱ्या दोघांपैकी एक जो टेलर. नाव ओळखीचं वाटलं? बरोबर, १९७४ मध्ये हल्स यांच्याबरोबर जोडीतला पल्सार शोधणारे आणि १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारे तेच टेलर. पल्सारचा क्षीण ठोका गोंगाटातून वेगळा काढायचा हीच त्यांच्या हयातभराच्या कामाची रीत. आपल्याच पुणे जिल्ह्यात, खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश हेच काम करत उभ्या आहेत. टेलर यांनी तीच विद्या हौशी रेडिओत आणली.

एफटी८ चालतं कसं? घड्याळ १५ सेकंदांच्या रकान्यांत विभागलेलं. एक रकाना मी बोलणार, पुढचा तुम्ही. प्रत्येक रकान्यात १२.६४ सेकंद प्रक्षेपण आणि त्यात ७७ बिटांचा संदेश: दोघांची कॉलसाइन आणि एक चौकट-क्रमांक किंवा सिग्नलचा अहवाल. चौकट म्हणजे नकाशाचा खण. बेगडेवाडी, तळेगाव, पुणे आणि चक्क दक्षिण मुंबई, सगळे एमके६८ या एकाच खणात येतात.

आता गंमत बघा. ४० मीटरवर एफटी८ची ठरलेली जागा ७०७४ किलोहर्ट्झ. रिसीव्हर तिथे लावला की वरचे साधारण तीन किलोहर्ट्झ ऐकू येतात, आणि जगभरचे लोक त्याच तीन किलोहर्ट्झमध्ये दाटी करतात. ५० हर्ट्झची एकेक गल्ली धरली तर ६० गल्ल्या. तेवढ्याच जागेत आवाजाचं बोलणं किती बसेल? एकच.

पण ही जागा काही एफटी८ची मालकीची नाही. आवाजावर बोलणारा एखादा जण ४० मीटरच्या रिवाजाप्रमाणे लोअर साइडबँडवर ७०७६ ला रेडिओ लावतो. त्याचा आवाज डायलच्या खाली ३०० ते २७०० हर्ट्झ पसरतो, म्हणजे ७०७३.३ ते ७०७५.७ किलोहर्ट्झ. थेट एफटी८च्या अंगावर. डायलवरचे आकडे पाहून त्याला वाटतं, मी दोन किलोहर्ट्झ बाजूला आहे. पलीकडच्याला वाटतं, हा मुद्दाम त्रास देतोय. दोघंही आपल्या जागी प्रामाणिक!

माझं मोजमाप

मी राहते बेगडेवाडीत. देहूरोड आणि घोरावाडीच्या मधलं छोटं स्टेशन. गच्चीवर इन्व्हर्टेड व्ही अँटेना बांधली. सात मेगाहर्ट्झसाठी अर्ध्या तरंगलांबीची तार साधारण २० मीटर लागते, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. खाली सॉफ्टवेअर रेडिओ आणि लॅपटॉप. प्रक्षेपण काही नाही, फक्त ऐकायचं आणि नोंदवायचं.

पद्धत अशी होती: पट्ट्याचे एक-एक किलोहर्ट्झचे रकाने पाडायचे. प्रत्येक रकान्यातली शक्ती एक मिनिटभर सरासरी काढायची. पार्श्वभूमीच्या गोंगाटापेक्षा ६ डेसिबल वर गेली, म्हणजे जवळपास चौपट झाली, की तो रकाना 'व्यापलेला'. नाहीतर 'रिकामा'. सोपं, स्वच्छ, आणि बऱ्याच ठिकाणी वापरतात तसंच.

आलेख आला. ७०७४ ते ७०७७ लालभडक. ७००० ते ७०३० निळंशार, म्हणजे रिकामं.

तळेगावचे एक काका आहेत, निवृत्त, वर्षानुवर्षं मोर्सवर बोलणारे. त्यांना मोठ्या उत्साहाने लॅपटॉप दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, तारीख-वेळ विचारली, आणि पिशवीतून आपली लॉगबुक काढली.

"अगं, या वेळेला मी ७०१२ वर होतो. कोल्हापूरवाल्याशी चांगली वीस मिनिटं चाललं होतं. तुझ्या आलेखात आम्ही दोघंही नाही."

मी म्हटलं, "काका, सिग्नल कमी असेल."

"कमी? तळेगाव ते बेगडेवाडी? तू स्वतः ऐकून बघ ना."

मूळ नोंद जपून ठेवलेली होती (हे एक पुण्य पदरात होतं). हेडफोन लावला आणि फाइल लावली. काका ठणठणीत ऐकू येत होते. खरं तर त्यांचा सिग्नल इतका जोरात होता की आलेखात एक फिकट डाग होताच, मी तो 'किरकोळ' म्हणून सोडून दिला होता. पण मला हादरवलं ते वेगळ्याच गोष्टीने. त्यांच्या आजूबाजूला मला आणखी स्टेशनं ऐकू येत होती, एकापाठोपाठ एक, स्पष्ट. आलेखात त्यांचा पत्ताच नव्हता.

कान ऐकतो, आलेख का बघत नाही?

चला, गणित करू. कागद-पेन घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

समजा एक मोर्स सिग्नल आपल्या १०० हर्ट्झच्या जागेत गोंगाटाच्या दहापट शक्तिमान आहे. म्हणजे १० डेसिबल वर. कानाला हा आरामात ऐकू येतो.

माझा रकाना १००० हर्ट्झचा. त्यात सिग्नल तेवढाच राहिला, पण गोंगाट दहापट झाला. म्हणजे सिग्नल आणि गोंगाट आता एकास एक.

पुढचं. मोर्समध्ये कळ सतत दाबलेली नसते. वेग मोजायला 'पॅरिस' हा प्रमाण शब्द वापरतात. तो शब्द, शेवटच्या मोकळ्या जागेसकट, ५० मात्रांचा असतो आणि त्यातल्या २२ मात्राच कळ दाबलेली असते. म्हणजे ४४ टक्के. सरासरी घेतली की सिग्नल ०.४४ वर आला.

अजून पुढचं. माणूस अर्धा वेळ बोलतो, अर्धा वेळ ऐकतो. मिनिटाच्या सरासरीत ०.२२ उरलं.

तर रकान्यातली एकूण शक्ती गोंगाटाच्या १.२२ पट. डेसिबलमध्ये ०.९ च्या आसपास. आणि मी उंबरठा ठेवला होता ६ डेसिबलचा! कानाला स्पष्ट ऐकू येणारा माणूस माझ्या पद्धतीत दिसणं शक्यच नव्हतं. पट्टा रिकामा नव्हता, माझी चाळणी मोठ्या भोकांची होती.

आणि एफटी८चं उलटं. एका रकान्यात वीस गल्ल्या, एक गप्प झाली की दुसरी सुरू, १५ सेकंदांपैकी जवळपास १३ सेकंद सलग प्रक्षेपण. मिनिटाच्या सरासरीला यापेक्षा आवडतं गिऱ्हाईक कोणतं? माझी व्याख्याच एफटी८च्या बाजूची होती. मी पद्धतींची तुलना केली असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी 'माझ्या रकान्याला कोण शोभतं' एवढंच मोजलं होतं.

मग चाळणी बारीक करू?

हाच पहिला विचार येतो. रकाना ५० हर्ट्झचा आणि वेळ २० मिलिसेकंदांचा केला. मिनिटाला २० शब्दांच्या वेगाने मोर्सचा एक डिट ६० मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे एकेक डिटसुद्धा पकडता येईल. वा!

पण फुकट काही मिळत नाही. सरासरी काढली नाही की गोंगाट उड्या मारतो. साध्या गोंगाटात एखाद्या चौकोनाची शक्ती सरासरीच्या चौपट होण्याची शक्यता ई या संख्येचा उणे चौथा घात, म्हणजे पावणेदोन ते दोन टक्के. कमी वाटतं ना? ३० किलोहर्ट्झमध्ये ५० हर्ट्झचे ६०० रकाने, सेकंदाला ५० वेळा, म्हणजे सेकंदाला ३०,००० चौकोन. त्यातले साधारण साडेपाचशे दर सेकंदाला विनाकारण 'व्यापलेले' दिसणार. आधी जिवंत माणसं दिसत नव्हती, आता भुतं दिसायला लागली.

उंबरठा १० डेसिबलवर नेला की ही भुतं सगळ्या ३०,००० चौकोनांत मिळून सेकंदाला एखाद-दुसऱ्यावर येतात. वर अट घातली की एकाच रकान्यात चढ-उताराचा नमुना काही सेकंद टिकला तरच मोजायचं. तेव्हा कुठे आलेख आणि कान एकमेकांशी बोलायला लागले. आणि निळंशार दिसणाऱ्या भागात संध्याकाळी माणसं दिसायला लागली.

दुसरी चूक: लोकलवर आळ

काही वेळा संपूर्ण पट्टाच 'व्यापलेला' दिसायचा, आडव्या पट्टीसारखा. गच्चीवरून रूळ दिसतात, वर २५ किलोव्होल्टची तार. पँटोग्राफ आणि तारेमध्ये ठिणगी पडली की ती सगळ्या वारंवारतांवर थोडी थोडी पसरते, हे पुस्तकात वाचलेलं. झालं, कारण सापडलं! वहीत लिहूनही टाकलं.

मग गाइडनी विचारलं, "तू वेळापत्रक लावून बघितलंस का?" नव्हतं बघितलं. बघितलं तर पट्ट्या आणि गाड्या जुळेचनात. घरातला मेन स्विच बंद करून लॅपटॉप बॅटरीवर चालवला, तर बहुतेक पट्ट्या गायब. गुन्हेगार निघाला माझ्याच लॅपटॉपचा अडॅप्टर. मी चार्जर लावला की पार्श्वभूमी वर, काढला की खाली. गाड्यांच्या काही बारीक पट्ट्या उरल्या, पण मोठा वाटा माझ्या टेबलाखालचा होता.

ही अडचण शंभर वर्षांपूर्वीच्या अभियंत्यांनाही माहीत होती. १९२७ मध्ये इंग्लंडशी शॉर्टवेव्ह बीम सेवा सुरू झाली तेव्हा प्रक्षेपण खडकीला आणि ग्रहण दूर दौंडला ठेवलं होतं. कान शांत जागी हवेत, ही साधी गोष्ट. मी मात्र कानाशेजारीच गिरणी चालू ठेवली होती.

जे ऐकूच येत नाही, त्याचं काय?

एक मर्यादा मात्र गणिताने सुटत नाही. दिवसा सात मेगाहर्ट्झची लहर जवळजवळ सरळ वर जाऊन आयनावरणातून परत येते, त्यामुळे पुणे, कोल्हापूर, नाशिक एकमेकांना छान ऐकतात. रात्र चढली की आयनावरण विरळ होतं, उभी गेलेली लहर निसटून जाते आणि तिरकी गेलेलीच परत येते, ती शेकडो किलोमीटर लांब. मधला भाग मुका. म्हणजे दोघे जण बोलत असतील, त्यातला लांबचा मला ऐकू येईल आणि जवळचा नाही.

त्यामुळे 'बेगडेवाडीत रिकामी' आणि 'रिकामी' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. म्हणूनच जुने हॅम शांत वारंवारतेवरही आधी मोर्समध्ये 'क्यूआरएल?' विचारतात. अर्थ: जागा वापरात आहे का? त्या सवयीत जेवढं विज्ञान आहे तेवढं माझ्या पहिल्या स्लाइडमध्ये नव्हतं.

मग कार्यक्षम पद्धत कोणती?

हा प्रश्न मला आजही विचारतात. उत्तर येतं तुम्ही काय मोजता त्यावरून.

क्षीण सिग्नल पकडायचा असेल तर एफटी८. २५०० हर्ट्झमधल्या गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल उणे २१ डेसिबल असला तरी ते वाचतं. यात जादू नाही: ५० हर्ट्झच्या जागेपुरता गोंगाट धरला तर तो १७ डेसिबलने कमी होतो, म्हणजे खरी लढाई उणे ४ डेसिबलची. ती चूक-दुरुस्तीच्या कोडने जिंकली जाते.

पण मोकळं बोलायचं असेल तर? एफटी८च्या एका रकान्यात मोकळा मजकूर जास्तीत जास्त १३ अक्षरांचा, तोही रोमन लिपीत. पुरात अडकलेल्या गावातून किती माणसं, कोणती औषधं, कुठला रस्ता बंद हे सांगायचं असेल तर पंधरा-पंधरा सेकंदांनी तेरा-तेरा अक्षरं पाठवून बघा. तिथे २७०० हर्ट्झ खाणारा आवाजच स्वस्त पडतो. आपल्या विभागात आणीबाणीसाठी ७११० किलोहर्ट्झच्या आसपासची जागा ठरवलेली आहे ती त्यासाठीच. आणि वीज नाही, संगणक नाही, हातात फक्त बॅटरी, कळ आणि कान आहेत, तर मोर्स.

तीन पद्धती तीन वेगळे प्रश्न सोडवतात. त्यांना एका तराजूत घालताना तराजू कुणाच्या मापाचा आहे हे आधी सांगायला हवं. बँड प्लॅन आखणारे आता 'कोणती पद्धत' यापेक्षा 'किती रुंदी' यावर जागा वाटतात, ते मला पटतं. सारख्या रुंदीची माणसं शेजारी बसली की धक्के कमी लागतात.

तुमच्या प्रबंधासाठी

तुमचा विषय कदाचित मातीचा असेल, जिवाणूंचा असेल, नाहीतर भाषेचा. तरी एक करा. तुमच्या मुख्य शब्दाची व्याख्या कागदावर लिहा: 'व्यापलेला', 'दूषित', 'निरोगी', जो काही असेल तो. मग स्वतःला विचारा, या व्याख्येत जे खरोखर आहे पण कधीच दिसणार नाही, असं काय आहे? ते उदाहरण सापडेपर्यंत निष्कर्ष लिहू नका. मला ते काकांच्या लॉगबुकात सापडलं. म्हणून दुसरं: ज्यांच्याबद्दल लिहिताय त्यांना आलेख दाखवा, सेमिनारच्या आधी. आणि तिसरं, मूळ नोंदी पुसू नका. मी फक्त सरासरी जपली असती तर हेडफोन लावायला काही उरलंच नसतं.

सेमिनार झाला. स्लाइडवरचं 'मोर्सची जागा कमी करावी' हे वाक्य गेलं. त्याजागी आलं: 'व्याप्तीचा अंदाज रकान्याची रुंदी, सरासरीचा काळ आणि उंबरठा यांवर अवलंबून आहे, हे तीन आकडे दिल्याशिवाय पद्धतींची तुलना करू नये.' कमी झकास आहे, मान्य. पण काका मागच्या रांगेत बसले होते आणि त्यांनी मान हलवली.

पुढच्या लेखात उंबरठा कसा निवडायचा ते बघू. तोपर्यंत चार्जर काढून ठेवा!